कडू बटाटा

“पण मनातला कडवटपणा जातो कशानं, ताता?”

ताता इलारियो बटाटे तुडवत होता.

बोलिव्हियाचं उंच, उघडं पठार. जून म्हणजे तिथला हिवाळा; कडाक्याची थंडी. रात्रभर हिवात गोठलेले बटाटे गवतावर पसरले होते, आणि म्हातारा अनवाणी पायांनी त्यांतलं पाणी काढत होता.

बार्शीचा माणिक दगडावर बसून धापा टाकत होता. त्या उंचीवर नुसतं बोललं तरी दम लागतो. देशोदेशी फिरून, दोन-चार गुरू पारखून झाल्यावर तो या म्हाताऱ्याच्या दारी येऊन राहिला होता. मोडक्यातोडक्या स्पॅनिशवर दोघांचं चालायचं.

म्हाताऱ्यानं पोत्यातला एक कच्चा बटाटा त्याच्याकडे फेकला.

“चाख.”

माणिकनं चावा घेतला आणि लगेच थुंकला. “विष आहे हे!”

“आमच्या थंडीत गोड बटाटा मरतो. हा जगतो. मग त्याला गोठवायचं, तुडवायचं, ओढ्यात भिजवायचं, वाळवायचं. त्याचा चुन्यो होतो. कडवटपणा जातो.”

माणिकचा चेहरा उजळला.

“समजलं! दुःखाकडून स्वतःला तुडवून घ्यायचं. मी तेच करतोय, ताता. म्हणून तर अजून घरी गेलो नाही.”

“घरी कोण?”

“वडील. शेवटचे दिवस आहेत त्यांचे. माझं नाव घेतात म्हणून बहीण रोज कळवते. पण माझी बायको गेली, तेव्हा हा माणूस आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत होता... खांदा द्यायला आला नाही. सून परजातीची ना! मन स्वच्छ झाल्याशिवाय कसा जाऊ त्यांच्यासमोर?”

“ताता म्हणजे आमच्यात बाप,” म्हातारा म्हणाला. “मला दिवसभर म्हणतोस. जीभ अडखळत नाही तुझी.”

माणिकला ते झोंबलं.

म्हाताऱ्यानं खिशातून एक वाळलेला चुन्यो काढला. पांढरा, सुक्या हाडासारखा हलका.

“हा कडू नाही. घे, पेर.”

“हा कसला उगवतोय! मेलाय हा.”

“हो. कडवटपणाबरोबर जीवही गेला.”

वारा सुटला होता. माणिकनं तो चुन्यो मुठीत दाबला. भुगा झाला.

“म्हणजे... हे सगळं मनात घेऊनच जाऊ? माझ्या तोंडावर दिसेल त्यांना!”

म्हातारा पुन्हा बटाट्यांवर चढला.

“दिसू दे की... त्यांना दिसतंय तोवर.”