वाऱ्याचा वाटा

फार पूर्वीची गोष्ट. आश्विन महिन्यात, दिवसाच्या तिसऱ्या प्रहरी, कोरड्या पठारावरच्या एका गावाचा तलाव फुटला.

तलाव एकच होता आणि त्याच्यावरच गाव जगत होते. त्या मुलखात पावसाळ्याचे ढग येत, सावली देत आणि पुढे जात. खरा पाऊस यायचा तो पूर्वेच्या समुद्रावर उठणाऱ्या मोठ्या वादळातून. ते वादळ किनाऱ्यावर घरांची छपरे उडवी. मग जमिनीवरून चालता चालता त्याचा वारा झडे आणि पाणी तेवढे उरे. ते पाणी पठारावर पडे. एका वादळात वर्षाची बेगमी होई.

म्हणून जुन्यांनी रीत घातली होती. सुगी झाली की पठारावरच्या प्रत्येक घराने सूपभर बाजरी आणि छप्पर बांधायला एक दोर काढून ठेवायचा. त्याच्या गाड्या किनाऱ्याला धाडायच्या. त्याला म्हणत वाऱ्याचा वाटा. त्याच्या बदल्यात, समुद्र काळा पडला की किनाऱ्याने नगारा वाजवायचा. तो ऐकून पुढच्या गावाने, मग त्याच्या पुढच्याने. वादळाआधी निरोप पठारावर पोचे. मग तलावाची मोरी उघडून येणाऱ्या पाण्याला जागा करायची.

मोरी राखायला एक बाई होती. गाव तिला आत्या म्हणे. तलाव फुटायच्या आदल्या सकाळी ती पाटलाच्या ओट्यापाशी आली.

"पाटील, पूर्वेचा वारा सुटलाय. मोरी उघडते."

"नगारा वाजला का, आत्या?"

"नाही."

"मग कशाला? मागं एकदा अशीच उघडलीत. ढग तोंड दाखवून गेले आणि गाव चैत्रात चिखल गाळून प्यालं."

"आत्याचा गुडघा वाजला असेल," एक पंच म्हणाला. ओटा हसला.

मागची गोष्ट खरी होती, हे आत्याला ठाऊक होते. ती बांधावर जाऊन बसली आणि पूर्वेकडे कान लावला.

नगारा आलाच नाही. पाऊस आला. दुसऱ्या दिवशी पाणी बांधाच्या डोक्याला लागले, तेव्हा तिने कोणाला न विचारता मोरीचा दट्ट्या उपसला. पण एवढ्याशा मोरीतून ते पाणी कसे निघणार? बांध खचला. माणसे टेकडीवर पळाली म्हणून वाचली. तलावात चिखल उरला.

"किनाऱ्यानं दगा दिला!" पाटील गरजला. "आपलं खाऊन झोपले लेकाचे! जा आत्या, विचारून या जाब."

आत्या चालत किनाऱ्याला गेली. तिथे घरांचे नुसते खांब उभे होते. नगारा वाळूत अर्धा पुरला गेला होता. एक म्हातारा कोळी जाळे सांधत बसला होता.

"दादा, नगारा का नाही वाजवलात?"

"कोणी वाजवायचा, बाय? डोक्यावर छप्पर नाही, चुलीत जाळ नाही. लोक गेले पोट घेऊन. तीन सुग्या झाल्या, तुमचा वाटा आला नाही."

"आला नाही? अहो, मी माझ्या हातानं सूप भरून दिलंय!"

"दिलं असशील. इथं गाडी आली नाही."

आत्या परतली आणि भर चावडीवर तिने हे सांगितले. पाटील पागोट्याचा पदर न्याहाळू लागला. पंचांना एकदम गुरांची आठवण झाली आणि ते उठले. हसणारे कोणी नव्हते.

थंडी सरायच्या आत गाव डोक्यावर हंडे घेऊन पाण्याच्या शोधात निघाले. आत्या सगळ्यांत मागे होती. मोरीचा दट्ट्या तिने बरोबर घेतला होता.

बोध सोपा आहे: ज्याच्या घरावरून आपला पाऊस येतो, त्याचे छप्पर आपणच शाकारावे.

वाटा मात्र तिन्ही वर्षे घराघरातून गोळा झाला होता. भरलेल्या गाड्या वेशीबाहेर पडताना सगळ्या गावाने पाहिल्या होत्या. त्या कुठे गेल्या, हे अजून कोणी सांगितलेले नाही.