ठमाबाईचा परवलीचा शब्द

“यापुढे सारीपाट खेळायचा असेल, तर आधी चौकीवर नाव नोंदवा, परवलीचा शब्द ठरवा आणि दर डावाआधी तो स्वतः येऊन चौकीदाराला सांगा! नाहीतर पट जप्त!”

राजा रणधवलाची ही दवंडी ऐकून लोक चक्रावले. पट त्यांचे, फासे त्यांचे, बसायची ओसरीही त्यांचीच. मग चौकीवर खेटे कशाला? चिडलेल्या लोकांनी आपापले पट आणून राजवाड्याच्या दारात ढीग घातला. “घ्या, तुम्हीच खेळा!”

राजा हटला नाही. “कोण खेळतं, कधी खेळतं, हे मला कळलंच पाहिजे!”

सगळ्यांत मोठी पंचाईत झाली ठमाबाई कासारणीची. तिच्या सासूबाई कंबर मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. सारीपाट हाच त्यांचा विरंगुळा, आणि चौकी दीड कोसावर! त्यांचे उतरलेले तोंड पाहून ठमाबाईला गलबलून यायचे. शिवाय तिचे स्वतःचे डोके म्हणजे गळका रांजण. एकदा ती दूध चुलीवर ठेवून दूध आणायला गेली होती, आणि हे तीच सगळ्यांना हसून सांगायची.

राणीसाहेबांना बांगड्या भरायला ती राजवाड्यात गेली, तेव्हा महाराज तिथेच बसले होते. तिने धीर केला.

“महाराज, हुकूम मागे घ्या. परवलीचा शब्द लढाईत शोभतो. आमच्या ओसरीवर कोण शत्रू येणार? आलाच तर सासूबाई त्यालाही खेळायला बसवतील!”

“एक शब्द लक्षात ठेवायला काय जातं गं तुमचं?”

“माझं जातं ना, महाराज! लग्नात उखाणा घेताना मी दिराचं नाव घेतलं. सासरचे अजून हसतात!”

राणीसाहेब खुदकन हसल्या. राजा मात्र हट्टाला पेटला.

“मग ऐक! आजच शब्द नोंदव. आठ दिवसांनी भर दरबारात मी विचारीन. पदराला गाठ मारायची नाही, कुणी कानात सांगायचं नाही. बिनचूक सांगितलास, तर हुकूम रद्द! चुकलीस, तर ढिगातले सगळे पट जाळीन. तुझा सगळ्यांत आधी!”

ठमाबाईने बांगड्या आवरल्या. गावाचा सगळा खेळ तिच्या डोक्यावर, आणि डोके हे असले! “देवा, तुला दुसरं कुणी मिळालं नाही?” असे पुटपुटत ती चौकीवर गेली. तिने कारकुनाच्या कानात शब्द सांगितला. कारकुनाने तिच्याकडे दोनदा पाहिले.

“हाच लिहू?”

“हाच!”

त्याने शब्द लिहिला आणि लखोट्यावर मोहोर केली.

आठव्या दिवशी दरबार खचाखच भरला.

“बोल, ठमाबाई! परवलीचा शब्द काय?”

ठमाबाईने डोके खाजवले. छताकडे पाहिले. जीभ चावली.

“आठवत नाही, महाराज!”

लोकांनी कपाळाला हात लावला. राजाने मांडीवर थाप मारली. “हरलीस! पेटवा तो ढीग!”

“अहो, आधी लखोटा तर फोडा!”

कारकुनाने मोहोर फोडली. हसू दाबत त्याने वाचले, “शब्द आहे... ‘आठवत नाही’!”

दरबारात एकच खसखस पिकली.

“लबाड!” राजा ओरडला. “खरं सांग, शब्द आठवला म्हणून तसं म्हणालीस, की खरंच विसरली होतीस?”

“ते मला तरी कुठं ठाऊक, महाराज? माझं डोकं ओळखूनच मी असा शब्द घेतला, की आठवला तरी बरोबर आणि विसरला तरी बरोबर! आता आठवणारी कोण आणि विसरणारी कोण, ते तुमच्या चौकीदारानं ओळखावं!”

राजाने चौकीदाराकडे पाहिले. चौकीदाराने हळूच कारकुनाकडे बोट दाखवले. मग राजा असा हसला, की डोक्यावरचा मंदिल सावरायला दोन्ही हात लागले. हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला, आणि लोक आपापले पट उचलायला धावले.

“माग, काय इनाम देऊ?”

“एक डाव तुम्हीच सासूबाईंशी खेळा, महाराज! त्या हळूच सोंगट्या सरकवतात, आणि मला सुनेला बोलता येत नाही!”

राजाने हसत हसतच पालखी मागवली, आणि सासूबाईंसाठी रेशमी पट बरोबर घेतला.