गुळाची परीक्षा

वारुळं नुकती उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. पदवीधर मुंग्यांना मुंगळेगुरुजी पुढारपण शिकवत. धडा एकच: पुढचीचा वास धरा, रांग मोडू नका.

परीक्षेत गूळ शोधून आणायचा होता. सगळ्यांच्या पुढे चाललेल्या गुरुजींनी एक वास धरला, तो निघाला रांगेतल्या शेवटच्या मुंगीचाच. रांग गोल फिरू लागली. "काय शिस्त आहे!" गुरुजी खूश झाले.

कुसळी नावाची मुंगी रांगेबाहेर पडली. "नुसतं फिरतोय आपण. मी वाट शोधते."

"चुकलीस तर नापास!"

"करा नापास. चुकल्याशिवाय कळणार कसं?"

ती आधी पाण्यात पडली, मग राखेत फसली. शेवटी गुळाचा कण तोंडात धरून आली, तशा दमलेल्या मुंग्या तिच्यामागे निघाल्या.

"प्रमाणपत्राशिवाय पुढारपण?" एकटेच गोल फिरत गुरुजी ओरडले.

"द्यायचं तर द्या," कुसळी म्हणाली. "मी गुळापाशी असेन. वाट मात्र आत्ताच मला विचारून घ्या."