आनसाक्काच्या फोटोला हार

हिरण्यकेशीच्या काठी एका गावात आनसाक्का नावाची एक म्हातारी राहत होती. तरुणपणीच विधवा होऊन ती माहेरी आली आणि भावाच्या मळ्यात राबता राबता म्हातारी झाली. भाऊ गेला तेव्हा जाताना त्यानं एक पत्र्याची ट्रंक तिच्या हवाली केली. म्हणाला, "आनसा, ह्यातली माणसं हरवू द्यू नगंस."

ट्रंकेत घराचे जुने फोटो होते आणि काही वस्तू होत्या. बैलांची घुंगुरमाळ, आईच्या हळदीचा खण, पेरताना ज्यात बियाण्याची मूठ सोडतात ते लाकडी चाडं. दरवर्षी दसरा झाला की आनसाक्का फोटो बाहेर काढी. पडवीच्या सावलीत पसरी, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुशी आणि कडुनिंबाचा वाळला पाला घालून परत ठेवी. फोटो हातात घेतला की त्यातल्या माणसांची नावं मोठ्यानं घ्यायची, हा तिचा नेम होता. तिला लिहिता येत नव्हतं आणि फोटोंच्या मागं कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं. सगळी नावं तिच्या एकटीच्या तोंडात होती.

तिचा भाचा, त्याच भावाचा मुलगा सर्जेराव, तालुक्याच्या गावी राहून मोठा झाला होता. माणूस मोठा झाला की त्याला घराणं लागतं. सर्जेरावाकडे बंगला होता, गाडी होती, भिंतीवर पूर्वज तेवढे नव्हते. एक दिवस तो मळ्यात आला, चहासुद्धा न घेता ट्रंक गाडीत टाकली आणि म्हणाला, "आत्ती, दोन दिवसांत आणून देतो."

"फोटोतली माणसं कोण कोण, ते तरी इचारून घे की," आनसाक्का म्हणाली.

"बघून कळतंय की सगळं," सर्जेराव म्हणाला आणि गाडी गेली.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. दसरा आला. आनसाक्कानं सवयीनं फडकं धुतलं, वाळवलं आणि तशीच घडी करून फडताळात ठेवलं. पडवी रिकामी होती. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. निरोपावर निरोप धाडले, उत्तर एकच यायचं, काम चाललंय. मग गावभर पत्रिका वाटल्या गेल्या. सर्जेरावांच्या बंगल्यात 'घराण्याचं दालन' उघडणार होतं. पत्रिका सगळ्यांना आल्या, आनसाक्काला नाही. घरच्या माणसाला पत्रिका कशाला, असं म्हणावं, तर गाडीही आली नाही. मग ती यष्टीनं गेली.

दालनात पाहुण्यांची गर्दी होती. चारी भिंतींवर सोनेरी चौकटीत फोटो होते, प्रत्येकाखाली छापील पाटी होती. आनसाक्कासमोर चाडं ठेवलं होतं, काचेच्या पेटीत. शेजारच्या माणसानं तिला पाटी वाचून दाखवली, 'पूर्वजांचा लाकडी पेला'. ज्याच्या बुडाला भोकं आहेत अशा पेल्यातून पूर्वज काय पीत असतील, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पुढं तिच्या आजोबांचा, रावजींचा फोटो होता. फोटोत दोघंजण होते, एक फेटा बांधून खुर्चीवर बसलेला, दुसरा उघड्या डोक्यानं मागं उभा. फेटेवाल्याखाली पाटी होती, 'पणजोबा रावजी'. मागच्याखाली होतं, 'घरचा गडी'. आणि होतं नेमकं उलटं. खुर्चीवर बसला होता तो गडी येसबा. महापुरात त्यानं गोठ्यातली सहाही जनावरं दावी कापून बाहेर काढली होती. म्हणून रावजींनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा त्याला बांधला, खुर्चीवर बसवलं आणि आपण मागं उभे राहिले. अख्ख्या घराण्याची अब्रू त्या एका फोटोत होती आणि सर्जेरावानं फेटा बघून माणूस ठरवला होता.

आनसाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वळली आणि समोरच्या भिंतीवर तिला ती स्वतः दिसली. विशीतली, जत्रेत काढलेल्या फोटोतली. इतर फोटोंसारखा त्यालाही चंदनाचा हार होता. खाली उदबत्ती जळत होती.

सर्जेरावानं मंडपवाल्याला सांगितलं होतं, काळेपांढरे फोटो असतील तेवढ्यांना हार घाल. मंडपवाल्यानं सांगितलं तेवढं केलं. घरातल्या एकाही माणसानं मान वर करून बघितलं नव्हतं.

"सर्जा," आनसाक्का म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या माना वळल्या. "मी मेलो, ह्याची खबर मला कुणी दिली न्हाई."

सर्जेरावाचा चेहरा पडला. जवळ येऊन तो हळूच म्हणाला, "आत्ती, मंडपवाल्याची चूक झाली. जरा गप बस, माणसं बघाय लागलीत."

"हार मंडपवाल्यानं घातला. खालची उदबत्ती कुणी लावली?"

उदबत्ती मघाशी सर्जेरावानंच लावली होती, हात जोडून, सगळ्यांच्या देखत.

आनसाक्कानं फोटोवरचा हार ओढून काढला. तो हातात धरून ती भाच्यासमोर उभी राहिली. हार त्याच्याच गळ्यात घालावा, असं तिच्या मनात आलं होतं. हात छातीपर्यंत वर गेलाही. पण तो तिच्या भावाचा एकुलता एक होता. मेलेल्याच्या नावाचा हार जित्या गळ्यात घालायला सर्जेरावाचं काळीज पुरलं होतं, तिचं पुरेना. तिनं हार काचेच्या पेटीवर टाकला.

"ट्रंक कुठाय?" तिनं विचारलं.

ट्रंक जिन्याखाली होती. तिच्यात झाडू ठेवले होते. आनसाक्कानं झाडू बाहेर फेकले आणि एकेक फोटो उतरवायला लावला. उतरवताना प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घेतलं. येसबाच्या फोटोपाशी ती थांबली, फेट्याची सगळी हकिकत तिनं सांगितली आणि म्हणाली, "आमच्या आज्यानं डोस्क्यावरचा फेटा दिला. तू पाटी लावून परत काढून घेतलास." संध्याकाळपर्यंत भिंतींवर नुसते खिळे राहिले आणि ट्रंक मळ्यात परत आली.

पुढं वर्षभर आनसाक्का भाच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दसऱ्याला तो आला, एकटा, गाडी बांधावरच ठेवून. पडवीत फोटो पसरले होते. तो खाली मान घालून समोर बसला आणि म्हणाला, "आत्ती, चुकलो. ट्रंक नको. नावं तेवढी शिकीव."

आनसाक्कानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फडकं त्याच्या हातात दिलं. तो एकेक फोटो पुसत गेला, ती नाव सांगत गेली, तो म्हणत गेला. सातव्या फोटोपाशी तो अडखळला.

"पयल्यापास्नं," आनसाक्का म्हणाली.

तात्पर्य: घरातलं जुनं जपायचं असेल, तर ते ज्यानं आजवर जपलं त्याच्यापाशी आधी जाऊन बसावं. त्याला न विचारता भिंती सजवणारा मेलेल्यांची नावं बुडवतो आणि जित्यांना हार घालतो.