पालथं पान

खाडीकाठच्या एका गावात सत्यभामा नावाची बाई राहायची. मोठी टापटिपीची. पण नाक भारी नाजूक. जरा कुठं घाण आली की पदर नाकाला जायचा, आणि मग डोकं कुणाचं ऐकायचं नाही.

किनाऱ्यावर सुकी मासळी वाळवणाऱ्यांची वाडी होती. त्यात चांगुणा. सत्यभामेला बाळंतपणात दूध आलं नव्हतं, तेव्हा चांगुणेनंच तिच्या मैनेला पाजून जगवलं. पोर तिला दूधआई म्हणायची. तरी सत्यभामा चांगुणेला ओटीच्या आत कधी घेत नसे.

त्याच गावात दाजीबा होता. त्याला गावाचा कारभार हवा होता आणि वाडीखालची जमीनही. तो घरोघर सांगत सुटला, "ही माणसं घाण. यांना हाकला, गाव चोख करून दाखवतो."

गावाची रीत अशी, की निवाड्याला प्रत्येक घरानं देवळाच्या पायरीवर एक विड्याचं पान ठेवायचं. उताणं ठेवलं तर राहू द्या, पालथं ठेवलं तर उठवा. वाडीकरांना पान नव्हतं. त्यांनी लांब वडाखाली उभं राहून आपलं नशीब बघायचं.

सत्यभामा घरून ठरवून निघाली होती. पान उताणंच ठेवायचं. मैनेच्या दुधाला जागायचं. पण पायरीशी आली आणि असा सडका भपकारा आला, की ती दोन पावलं मागं सरली.

दाजीबा हळूच म्हणाला, "बघा वहिनी, देवळापर्यंत पोचली यांची घाण. उद्या माजघरात येईल."

तिनं पदर नाकाला लावला. दुसऱ्या हातानं पान टाकलं. पालथं. मागून येणाऱ्यांनीही नाकं दाबली आणि तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी वाडी होड्यांत बसली. चांगुणा निरोपाला आली, पण या खेपेला ओटीवर चढली नाही. अंगणाच्या कडेलाच थांबली.

"वर ये की," सत्यभामा म्हणाली.

"नको बाय. तुला वास यायचा." मग जाता जाता म्हणाली, "इतकी वर्षं आमचा वास घेतलास. काल देवळातनं आलेल्यांच्या कपड्यांना होता तो आमचा नव्हता गं. सुकटीला मिठाचा वास असतो."

सत्यभामा तशीच देवळात धावली. वाडी उठली तरी भपकारा होताच, उलट वाढलेला. तिनं पायरीचा सुटा दगड सरकवला. खाली गोणपाटात गुंडाळलेलं मेलेलं मांजर.

ती दाजीबाच्या दारात उभी राहून ओरडली, "मेल्या, हे तू ठेवलंस!"

तो हसला. "मांजर मी ठेवलं, वहिनी. पान तुम्ही पालथं केलंत."

ती किनाऱ्यावर पोचली तोवर होड्या खाडीच्या तोंडाबाहेर गेल्या होत्या. वाळवणाच्या काठ्या मोकळ्या उभ्या होत्या. वारा अगदी स्वच्छ होता. तिनं पुन्हा पुन्हा छाती भरून श्वास घेतला. मिठाचा वास कुठंच नव्हता.

घरी मैना ओटीवर बसली होती. "आई, दूधआई का गेली?"

सत्यभामेला खोटं सुचलं नाही. "मला वास आला म्हणून," ती म्हणाली, आणि पदरात तोंड खुपसून रडली.

तात्पर्य: किळस आली म्हणजे न्याय कळला असं होत नाही, जो तुमच्या नाकाला चेतवून तुमचं मत मागतो, त्याच्या पायाखालचा दगड आधी उचलून बघा, एकदा उठवलेली माणसं परत येत नाहीत.