त्र्यंबकरावांचं मौन

“मौन सुटलं की पुन्हा सगळं अंगावर येतं, बुवा. त्याला काय करायचं?”

भानबुवा मठाच्या ओसरीवर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी एक चिंचोका काढून सुपात टाकला.

विचारणारे होते त्र्यंबकराव. तालुक्याच्या गावी त्यांचं मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत डोक्यावर काय काय येऊन पडतं, ते कार्यालय चालवणाऱ्यालाच ठाऊक. वरपक्षाला खोल्या कमी पडतात, वधूपक्षाला पाणी. वीज जाते ती नेमकी अक्षता टाकायच्या वेळी. आणि कोणाचा तरी मामा रुसलेला असतोच.

काही वर्षांपूर्वी अशाच एका लग्नात त्र्यंबकरावांनी आचाऱ्याच्या अंगावर वरणाचं पातेलं फेकलं होतं. वरण गार झालेलं होतं, हे दोघांचंही नशीब. त्यानंतर त्यांची झोप उडाली. छातीत धडधडायचं. तेव्हा ते कृष्णाकाठच्या या मठात आले होते आणि याच ओसरीवर बसून रडले होते.

बुवा म्हणाले होते, “रोज थोडा वेळ गप बसत जा.”

तेवढंच.

त्र्यंबकरावांनी ते फार मनावर घेतलं. आधी थोडा वेळ, मग सकाळभर, मग दुपारच्या जेवणापर्यंत. धडधड थांबली. पातेली जागेवर राहू लागली. लोक म्हणू लागले, मांडव पेटला तरी हा माणूस हलायचा नाही. असं कोणी म्हटलं की त्र्यंबकराव नम्रपणे मान खाली घालत, पण वाक्य पूर्ण ऐकून घेत.

आज ते एक विनंती घेऊन आले होते. येता वैशाख महिनाभर त्यांना पूर्ण मौन पाळायचं होतं. दिवसभर, लग्न असो वा नसो. एकदा एवढं जमलं की मन पुन्हा ढवळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. बुवांनी फक्त हो म्हणायचं होतं.

“बघू,” बुवा म्हणाले. “आज इथंच बस.”

त्र्यंबकराव उठले. त्यांची मौनाची वेळ झालीच होती. अंगणातल्या पिंपळाच्या पारावर त्यांनी घरून आणलेलं आसन पसरलं, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. चेहरा खरोखर शांत झाला. पाहणाऱ्याला हेवा वाटावा असा.

ओसरीच्या कडेला त्यांच्या पत्नी शरयूवहिनी बसल्या होत्या. कार्यालयाचा फोन त्यांच्या हातात होता.

तो वाजला.

उद्या कार्यालयात लग्न होतं. आचाऱ्याला तूप कमी पडत होतं. वहिनींनी दुकानदाराला सांगून तूप पाठवलं. फोन पुन्हा वाजला. मांडववाला विचारत होता, कमान पूर्वेला की रस्त्याच्या अंगाला? वहिनींनी ओसरीवरूनच पाराकडे बघत हलक्या आवाजात तेच विचारलं.

त्र्यंबकरावांची डावी भुवई जराशी वर गेली.

वहिनी थोडा वेळ त्या भुवईकडे बघत राहिल्या. मग मांडववाल्याला म्हणाल्या, “रस्त्याच्या अंगाला.”

“भुवईवरनं कळतं?” बुवांनी विचारलं.

“कळतं. चुकलं तर मौन सुटल्यावर सांगतात.”

“रागावून?”

“नाही हो. रागवत नाहीत आता. शांतपणे सांगतात, एकेक करून, माझं कुठे कुठे चुकलं ते.”

बुवांनी आणखी एक चिंच फोडली.

फोन वाजतच होता. मुलीचे वडील, फुलवाला, मग पुन्हा मुलीचे वडील. प्रत्येकाशी वहिनी हसून बोलत. फोन ठेवला की हसू पुसल्यासारखं जाई. बुवांनी तब्येतीचं विचारलं तेव्हा त्यांनी रक्तदाबाची गोळी सुरू झाल्याचं सांगितलं, पण तेही कोणा शेजारणीचं सांगावं तसं. त्र्यंबकला सांगितलंय का, असं बुवांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, सांगायचं आहे, पण वेळ सापडत नाही. सकाळी मौन असतं आणि दुपारनंतर मन निवलेलं असतं, ते कशाला बिघडवायचं.

मग हातातल्या फोनकडे बघत म्हणाल्या,

“बुवा, झोपेतही हा मला ऐकू येतो आताशा. वाजला नाही तरी येतो. हे महिनाभर गप्प बसले तर माझ्याच्याने निभणार नाही. माहेरी निघून जावं म्हटलं, तर तिथेही आता कोणी उरलं नाही.”

ओसरीपासून पार काही लांब नव्हता. मांडववाल्याच्या कमानीचा प्रश्न तिथे पोचला होता. हेही पोचलं असणार.

बुवांनी पाराकडे पाहिलं. भुवई जागच्या जागी होती.

फोन वाजला. वहिनींनी डोळे पुसले आणि हसून म्हणाल्या, “हां, बोला.”

ऊन डोक्यावर आलं तसे त्र्यंबकराव उठले. आसनाची घडी केली. ओसरीवर येऊन बुवांच्या पाया पडले. बुवांनी विचारलं, “काय काय ऐकू आलं रे, मौनात?”

त्र्यंबकराव प्रसन्न हसले. “नदी ऐकू आली. पैलतीरावर कोणीतरी धुणं आपटत होतं. एक खंड्या दोनदा ओरडून गेला. आताशा बारीकसारीकही ऐकू येतं, बुवा.”

“आणखी?”

“आणखी...” त्र्यंबकरावांनी क्षणभर विचार केला. “आणखी काही नाही.”

वहिनींनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

बुवांनी सूप बाजूला सरकवलं, हात झटकले आणि वहिनींना म्हणाले, “पोरी, आता तू गप बस.”

वहिनींना हसू आलं. “मी गप्प बसले तर फोन कोण घेणार?”

बुवांनी नुसता हात पुढे केला.

वहिनींनी फोन दिला, पण लगेच सोडला नाही. अंगावरचं मूल दुसऱ्याकडे देताना बाई करते तसं झालं. मग सोडला. बुवांनी तो त्र्यंबकरावांच्या मांडीवर ठेवला आणि वहिनींना खांबाला टेकून बसायला सांगितलं.

“आसन देऊ का?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

“नको,” बुवा म्हणाले. “तिला काही लागत नाही.”

वहिनी टेकल्या. सुरुवातीला डोळे मिटेनात. पाखरू फडफडलं तरी त्या दचकून फोनकडे बघत. मग नजर अंगणात रेंगाळली, खांदे खाली आले. मान खांबावर कलली.

फोन वाजला.

“वहिनी, कोठीची किल्ली...”

“मी त्र्यंबक बोलतोय.”

पलीकडे आचारी गडबडला. “बरं बरं. वहिनींना द्या जरा.”

त्र्यंबकराव म्हणाले, मला सांग. आचाऱ्याने सांगितलं. किल्ली कुठे असते ते त्र्यंबकरावांना माहीत नव्हतं. बघून सांगतो म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि ठेवल्यावर लक्षात आलं की इथे बसून ते काय बघणार.

मग मुलीचे वडील. त्यांचा आवाज चढलेला होता. वरपक्षाची माणसं वाढली होती, खोल्यांचं वहिनींनी काहीतरी कबूल केलं होतं. काय, ते त्यांनाच विचारा. वहिनींना द्या.

मग मांडववाला. कमान उभी राहिली होती, पण तिच्यामुळे वरातीची गाडी आत येत नव्हती. आता काय करायचं? वहिनी कुठायत?

त्र्यंबकरावांनी तिघांनाही शांतपणे उत्तरं दिली. चौथ्याला जरा कमी शांतपणे. फुलवाला पुन्हा पुन्हा वहिनीच मागू लागला तेव्हा त्यांचा आवाज असा फाटला की पाराखालचं मांजर पळालं.

त्यांच्या छातीत धडधडू लागलं. ही धडधड त्यांच्या ओळखीची होती. इतकी वर्षं गेली, तरी तिने वाट बरोबर शोधली होती.

त्यावर उपाय त्यांच्याकडे होताच. ते भराभर पाराकडे गेले, आसन पसरलं, पाठ ताठ केली, डोळे मिटले.

फोन त्यांच्याच हातात वाजला.

त्यांनी डोळे उघडले. तो वाजून थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला. पुन्हा मुलीचे वडील. त्र्यंबकराव त्या फोनकडे बघत राहिले. घाम डोळ्यांत उतरला होता. आता पातेलं जवळ असतं तर गेलं असतं.

ते उठले आणि ओसरीपाशी आले.

शरयूवहिनी झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं पडलं होतं. एक हात मांडीवर तसाच होता, बोटं वळलेली, फोन धरल्यासारखी. पदरावर चिंचेचा एक तुकडा पडला होता आणि त्याला मुंगी लागली होती, तरी त्यांना पत्ता नव्हता. इतकं दमलेलं माणूस त्र्यंबकरावांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. किंवा नीट बघितलंच नव्हतं, एवढंच.

बुवांनी पुन्हा सूप पुढे ओढलं होतं.

“बुवा,” त्र्यंबकराव घाईने म्हणाले, “माझ्याने होत नाही हे. हिला उठवू का?”

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं आणि झोपलेल्या वहिनींकडे पाहिलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “तुझं मौन आत्ताच कुठं झोपलंय.”