न वापरलेल्या खताची स्तुती

एकदा एका वृद्ध अध्यापकांकडे त्यांची जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. अध्यापकांचे नाव मुजुमदार सर. आयुष्यभर त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले होते आणि पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहत. विद्यार्थिनी वैजयंती. घरच्या बागेविषयी ती ब्लॉग लिहीत असे. कुंडीला पाणी कधी घालावे, मावा पडला तर काय फवारावे, असे साधे, अनुभवाचे लेखन. कितीतरी वाचक तिच्या शब्दावर विसंबून आपली रोपे वाढवत.

"सर, लिहिण्याचे पहिल्यांदाच पैसे मिळाले!" ती म्हणाली.

शेटे नावाच्या एका खतविक्रेत्याने तिच्याकडून आपल्या नव्या खताचे परीक्षण लिहून घेतले होते. लेखात त्यांच्या दुकानाची लिंक द्यायची, म्हणजे वाचक थेट तिथे पोहोचतील आणि गूगलवरही दुकानाचे नाव वर येईल, असा तो व्यवहार.

सरांनी चष्मा चढवून लेख शेवटपर्यंत वाचला. "बरं लिहिलंयस," एवढेच ते म्हणाले, आणि त्याच लिंकवरून त्यांनी खताची एक पिशवी मागवली.

पुढच्या रविवारी वैजयंती आली, तेव्हा सर अंगणात अनंताच्या झाडाशी बसून माती उकरत होते. शेजारी तीच पिशवी फोडून ठेवलेली. तो अनंत त्यांच्या पत्नीने लावलेला. सर त्याला शेणखताखेरीज काही घालत नसत आणि दुसऱ्या कोणाला हातही लावू देत नसत. आज त्यांनी नव्या खताची ओंजळ भरली.

"सर, थांबा!" वैजयंतीने धावत जाऊन त्यांचे मनगट धरले. "याला नका घालू. काकूंचं झाड आहे ते!"

"का गं? खत वाईट आहे?"

"तसं नाही..."

"मग चांगलं आहे?"

ती खाली बघत म्हणाली, "मला माहीत नाही, सर. मी ते वापरलंच नाही. पिशवीवर होतं तेच जरा फुलवून लिहिलं."

सरांनी ओंजळ पुन्हा पिशवीत रिकामी केली. "वाचतानाच कळलं होतं मला. एरवी तुझ्या लेखात तुझ्या हातून मेलेल्या एखाद्या रोपाची हकीगत असतेच. या लेखात एकही नव्हती."

"मग तेव्हाच बोलायचं ना!"

"बोललो असतो तर वाद घातला असतास. वर्गातही घालायचीस," सर हसले. मग शांतपणे म्हणाले, "हे बघ, जाहिरात करण्यात गैर काही नाही. भाजीवाली हाळी देते, तेव्हा ती विकायला आलीय हे सगळ्यांना कळतं. आपण जुडी उलटीपालटी करून बघतो, मगच घेतो. पण शेजारीण म्हणाली, 'मी नेली होती, चांगली निघाली', तर न बघता घेतो. शेट्यांना नुसते शब्द नको होते, ते कोणीही लिहून दिले असते. त्यांना लोकांचं ते न बघता घेणं हवं होतं. आणि ते विकायला तुझं नव्हतंच. वाचकांनी विश्वासाने तुझ्यापाशी ठेवलंय ते. मी समोर होतो म्हणून माझा हात तरी धरलास. बाकीच्यांचा कसा धरणार?"

वैजयंतीचे डोळे भरून आले. सरांनी मातीचा हात धोतराला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

त्याच दिवशी तिने लेख काढून टाकला, का काढला तेही वाचकांना सांगितले, आणि शेट्यांना फोन केला. "पैसे परत घ्या, नाहीतर मला एक हंगाम द्या. खत वापरेन, दिसेल ते लिहीन, आणि पैसे घेतल्याचं पहिल्याच ओळीत सांगेन."

शेटे आधी चिडले. मग म्हणाले, "आणि वाईट निघालं तर?"

"तर तेही लिहीन."

शेटे ओशाळून म्हणाले, "ताई, मग आमच्या गच्चीतल्या कुंड्यांतही घालून बघतो. खरं सांगायचं तर, मीही अजून घातलेलं नाही."

एखाद्या वस्तूची शिफारस करण्याआधी स्वतःला एवढेच विचारावे: आपल्या माणसाने ती हातात घेतली, तर आपण त्याचा हात धरू का?